नुसतं बघ

मावशीच्या घरी जायचं तर हल्ली आधी फोन करावा लागतो. बेल वाजवायची नाही, कारण मधल्या खोलीत सेशन चालू असतं. त्या खोलीच्या दाराखालच्या फटीत जुना टॉवेल खोचलेला असतो. बाहेर हॉलमध्ये काकांनी टीव्ही मोठ्याने लावायचा, म्हणजे आतलं बोलणं कुणाच्या कानी पडणार नाही. बायकोच्या हुकमावरून टीव्हीचा आवाज वाढवणारा नवरा अख्ख्या सांगलीत हा एकच असेल.

अशी समुपदेशक मावशी, नाहीतर वहिनी, आता बऱ्याच घरांत सापडते. आमची आधी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. मग तिने इगतपुरीला दहा दिवसांचं मौन पाळलं (काका तो काळ अजून हळवे होऊन आठवतात), समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि २०२० च्या टाळेबंदीत सगळं काम लॅपटॉपवर आणलं. पद्धत माइंडफुलनेसची. ही मूळची बुद्धाच्या घरची विद्या. रेण्वीय जीवशास्त्र शिकलेल्या जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी तिचा वर्ग सुरू केला. पुढे तोच आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून जगभर गेला. मावशी त्यांना ‘आपले झिन’ म्हणते, जसे काही ते मिरजेलाच राहतात.

तिचं सगळं शास्त्र तीन वाक्यांत मावतं. ‘बरं, आणि आत्ता?’ ‘हे शरीरात कुठे जाणवतंय?’ आणि ‘नुसतं बघ.’ घरच्यांनाही यातून सुटका नाही. मे महिन्यात भर रात्री वीज गेली आणि मी वैतागलो, तर म्हणते, ‘चिडू नकोस, नुसतं बघ.’ म्हटलं, ‘मावशी, काय बघू? अंधार आहे.’ काकांना एकदा तिने विचारलं, ‘अहो, हा राग तुम्हाला शरीरात कुठे जाणवतोय?’ काका म्हणाले, ‘गुडघ्यात. पण तो आधीपासूनच दुखतोय.’

चेष्टा सोडा, पण पडद्यावर हे काम करणं अवघड आहे. समोरचा खुर्चीत असला की त्याचे पाय, हाताची चाळवाचाळव, धरलेला श्वास, सगळं दिसतं. लॅपटॉपवर दिसतो फक्त चेहरा, तोही नाकाच्या खालून. शिवाय त्याच्या डोळ्यांत बघायला जावं, तर त्याला वाटतं बाई खाली बघतायत. म्हणून मावशीने कॅमेऱ्याशेजारी एक लाल टिकली चिकटवली आणि महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती टिकलीशी बोलायची. मग लक्षात आलं की त्यात माणूसच दिसत नाही. आता त्याची चौकट सरकवून टिकलीच्या खाली आणली आहे. स्वतःची चौकट तिने लपवून टाकलीय, नाहीतर सगळं अवधान आपल्याच पांढऱ्या केसांवर जातं म्हणे.

खरा पेच शांततेचा. या पद्धतीत गप्प बसण्याला मोठा मान आहे. पण समोरचा माणूस अंतर्मुख झालाय की नेटवर्क गेलंय, हे कळायचं कसं? ‘ऐकू येतंय ना?’ विचारावं, तर त्याची लागलेली तंद्री मोडते. मावशीने यावर तोड काढली: त्याच्या डोक्यावरचा पंखा बघायचा. पंखा फिरतोय म्हणजे माणूस विचारात आहे, पंखा थांबला की नेट गेलं. डिसेंबरात मात्र फार अडचण होते. आणि जर्मनीतल्या मराठी मुलामुलींच्या डोक्यावर तर पंखाच नसतो.

लोक बोलायला बसतात कुठे? वन बीएचकेमध्ये सासू-सासरे आणि दोन मुलं असली की मन मोकळं करायला जागा उरते ती गच्ची, जिना किंवा पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी. म्हणून दर वेळी मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आत्ता नेमकी कुठे आहेस?’ पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर ती पहिल्याच दिवशी लिहून घेते. शंभर मैलांवर कुणाचा तोल सुटला, तर दार वाजवायला कोण जाईल हे माहीत हवं. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देऊन ठेवते, कारण तो रात्री तीनलाही उचलला जातो, आणि मावशी तेव्हा घोरत असते. औषधाची गरज दिसली तर आढेवेढे न घेता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. श्वासाकडे लक्ष दिल्यावर एखाद्याचा जीव जास्तच घाबरा होतो. त्याला ती डोळे मिटायला लावत नाही. ‘तळपाय जमिनीला टेकलेत ना? तेवढंच बघ,’ म्हणते.

आणि मग बेदाणा. झिन यांच्या वर्गातला हा प्रसिद्ध धडा: एकच बेदाणा घ्यायचा, जन्मात पहिल्यांदा पाहतोय असा पाहायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा, जिभेवर ठेवून चावायची घाई करायची नाही. मावशी तो शिकवते आणि काकांचं घराणं तासगावचं, बेदाण्याच्या धंद्यातलं. ‘एका बेदाण्याला पाच मिनिटं?’ काका हताश होऊन म्हणतात. ‘सगळे असे खायला लागले तर सौदे बंद पडतील.’

याच मावशीने एके काळी कुणाचं लग्न मोडल्याची बातमी जेवायच्या आत कोल्हापूरपर्यंत पोचवलेली आहे. आता तिच्या पोटात निम्म्या महाराष्ट्राची दुःखं आहेत आणि बाहेर एक अक्षर येत नाही. आईने नाना परीने खोदून पाहिलं. उत्तर एकच: ‘ताई, ही उत्सुकता तुला शरीरात कुठे जाणवतेय?’

सेशन संपवून बाहेर आली की मात्र कढीपत्ता फुकट देत नाही म्हणून भाजीवाल्याशी ती तारस्वरात भांडते. वर्तमान क्षणात पूर्णपणे राहून. मला त्यात विसंगती वाटत नाही. दिवसभर दुसऱ्याचं शांतपणे ऐकणाऱ्या बाईने कुठेतरी ओरडायला हवंच.

तुम्हाला कधी अशा कुणाशी बोलावंसं वाटलं, तर खुशाल बोला. आधी शिक्षण काय झालंय ते विचारा. चांगला समुपदेशक त्याने रागावत नाही. हेडफोन लावा, पंखा चालू ठेवा आणि बेदाणे दोन घेऊन बसा. पहिला सूचना संपायच्या आत खाल्ला जातो.