स्वस्त वाचनाचं सुलतानपूर घराणं

विकत घेऊन वाचणारे, मागून वाचणारे आणि न वाचता बोलणारे अशी वाचकांची तीन घराणी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. तिसऱ्याचा शिष्यपरिवार सर्वांत मोठा. त्याला खर्च शून्य आणि मार्गदर्शनाची गरजही शून्य. पुस्तकांच्या किमती वाढत चालल्याने पहिलं घराणं आटत चाललं आहे. म्हणून दुसऱ्या घराण्याची विद्या लिहून ठेवणं अगत्याचं झालं आहे.

या घराण्याचे विद्यमान अध्वर्यू आमच्या सुलतानपुरात राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय पंच्याहत्तरीपुढे, चष्मा जाड, पिशवी कापडी आणि नेहमी रिकामी. येताना रिकामी, जाताना नव्हे. मेहकरकडून येणारे लोक आमच्या गावावरून लोणारला जातात, उल्केने पाडलेला खड्डा पाहायला. माझ्या पुस्तकांच्या कपाटात पडलेला खड्डा पाहायला अद्याप कोणी आलेलं नाही. तो गुरुजींनी पाडलेला आहे.

पुढील नियम त्यांच्या आचरणावरून सूत्रबद्ध केले आहेत. भाष्य माझं आहे. पुस्तकंही बहुतांशी माझीच.

नियम १. पुस्तकाची किंमत रुपयांत मोजू नये.

गुरुजी नवं पुस्तक हातात घेतात ते पालथंच. मलपृष्ठावरची किंमत वाचतात आणि तिचं सोयाबीन करतात. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे ५०० रुपयांची कादंबरी साडेनऊ किलोच्या आतबाहेर पडते. “हमीभाव भेटला तर,” हे शेपूट ते कधीही गाळत नाहीत. मोंढ्यात भाव पडला की तीच कादंबरी अकरा-बारा किलोंवर जाते आणि लेखकाने एक ओळही न वाढवता ग्रंथ जाड होतो.

अभ्यासूंनी इथे थांबून किंमत का वाढते तेही पाहावं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे ऐकून आपण खूश होतो. पण कागदावर आहे. पुस्तकच करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही. तो मुकाट्याने किमतीत जाऊन बसतो. त्यात विक्रेत्याचं कमिशन. शिवाय अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च तीनशे प्रती काढल्या तरी तेवढाच आणि तीन हजार काढल्या तरी तेवढाच. प्रती कमी, तर प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर ओझं जास्त. थोडक्यात, पुस्तक महाग म्हणून आपण घेत नाही आणि आपण घेत नाही म्हणून ते महाग.

हे सगळं मी गुरुजींना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे. मग कोणीतरी घ्यायला सुरुवात केली पाहिजे,” असं म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले.

नियम २. लेखक वारलेला पाहावा. वारून साठ वर्षं झालेली असल्यास उत्तम.

हे क्रूर वाटतं, पण कायदाच तसा आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं प्रताधिकार राहतो; मग पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी गेले १९५० मध्ये. म्हणून १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणालाही छापता येते, आणि अनेकांनी ती छापली आहे. अशा पुस्तकाच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवून किंमत, टाइप आणि कागद पाहावा. मुखपृष्ठावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संक्षिप्त’ असं लपलेलं नाही ना, तेही पाहावं. संक्षिप्त आईत पैसे वाचतात, श्याम वाचत नाही.

या नियमाने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी खामगाव आणि जळगाव जामोद या घाटाखालच्या गावांत वकिली केली. ते १९३४ मध्ये गेले, त्यामुळे ‘सुदाम्याचे पोहे’ केव्हाच मोकळे झाले. उलट ना. घ. देशपांडे आमच्या शेजारच्या मेहकरचे. ते २००० मध्ये गेले. त्यांची कविता २०६० सालच्या अखेरीपर्यंत प्रताधिकारात आहे. म्हणजे घाटाखालचे कोल्हटकर फुकट आणि घाटावरचे देशपांडे विकत. गुरुजींना हे मान्य नाही. “ना. घं.ना मी मेहकरात पाहिलेलं आहे. पाहिलेल्या माणसाचं पुस्तक विकत घ्यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं,” असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी ते माझ्याकडून नेलं.

नियम ३. सरकार नावाच्या प्रकाशकाशी ओळख ठेवावी.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, आणि त्यांतली पुष्कळशी मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर मोफत वाचायला आहे. १९५७ चं नॅशनल बुक ट्रस्ट मुलांसाठी आजही सगळ्यांना परवडेल अशी चित्रांची पुस्तकं काढतं. तुकोबांची गाथा तर सरकारने १९५० मध्येच छापली.

या पुस्तकांत खोट एकच. सरकारी पुस्तकाची किंमत कमी असते, पण जिथे ते मिळतं तिथे आपण राहत नाही.

नियम ४. वाचनालयाचं सभासद व्हावं, आणि त्यासाठी वयाची पंच्याहत्तरी गाठावी.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. गुरुजी त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने वाचक झाले. पिशवी, आधार कार्ड आणि पाण्याची बाटली घेऊन ते तालुक्याच्या वाचनालयात जातात, वर्तमानपत्रं तिथेच वाचतात, एक पुस्तक बदलतात आणि दुपारच्या गाडीने परत. काकूंना अर्धं तिकीट पडतं, म्हणून त्यांना नेत नाहीत. काकू म्हणतात, म्हणूनच हे जातात तेव्हा घर शांत असतं आणि त्यांचंही वाचन होतं.

आता कामाचं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्यातली वाचनालयं उभी आहेत. चालवणाऱ्या बहुतेक ठिकाणी गावच्याच संस्था, अनुदान सरकारचं, आणि त्यासाठी वर्ग अ, ब, क, ड. २०२२ च्या अखेरीस हे अनुदान साठ टक्के वाढलं. तरी ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात जो माणूस कपाट उघडून देतो, त्याला काय मिळतं हे विचारायला जाऊ नये. ऐकून पुस्तक हातातून पडेल. कुलूप दिसलं तर आरडाओरडा करू नये. दुसऱ्या दिवशी जावं. तो माणूस शेतात असेल.

सभासद होताना भरलेली अनामत परत मिळते, पावती जपावी. आपल्याला हवं असलेलं महागडं पुस्तक वाचनालयाला लेखी सुचवावं. वाचनालयांना अनुदानातून दरवर्षी पुस्तकं घ्यावीच लागतात, आणि कोणी काही सुचवत नाही तेव्हा प्रदर्शनाच्या ढिगातली येतात. दोघा-तिघांनी मिळून एकच नाव सुचवलं तर वजन पडतं. ही युक्ती फार थोड्यांना माहीत आहे. गुरुजींना माहीत आहे, आणि अशा अर्जांवर दुसरी सही कोणाची असते हे वाचकांनी ओळखलं असेल.

नियम ५. दिवाळी अंक दिवाळीत घेऊ नये.

मराठीत ही प्रथा ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकापासून चालत आली आहे, आणखी दोन महिने थांबल्याने तिचं काही बिघडत नाही. संक्रांतीच्या सुमारास अंक अर्ध्या किमतीत निघतात. कथा-लेख नासत नाहीत. राशिभविष्य तेवढं आधी वाचावं, कारण त्यातलं काही होऊन गेलेलं असतं आणि ताळा पाहता येतो.

नियम ६. ढिगात हात तळापर्यंत घालावा.

‘कोणतंही पुस्तक शंभर रुपये’ असं लिहिलेल्या टेबलावर वरचे दोन थर स्वयंपाक, वास्तुशास्त्र आणि यशस्वी होण्याची सूत्रं यांचे असतात. खाली जावं. पुस्तक हाती लागलं की फर्मे तपासावेत. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं, आणि सवलतीच्या ढिगात एखाद्यात पान ९६ नंतर थेट ११३ येतं, किंवा ८१ ते ९६ पुन्हा एकदा येतात. रहस्यकथेत गेलेला फर्मा म्हणजे जन्माची टोचणी. वैचारिक ग्रंथात तो गेल्याचं मात्र पुष्कळदा कळत नाही.

पुण्यात आप्पा बळवंत चौक आहे, आमच्याकडे भंगारवाला आहे. तो किलोने घेतो आणि किलोने देतो. गुरुजींचा त्याच्यावर लोभ आहे. पुस्तकाला वजनाने भाव देणारा तो एकटाच, आणि सोयाबीनशी तुलना करायला सोपा.

नियम ७. जिवंत लेखकाची पीडीएफ वाचू नये.

सकाळी सुप्रभात आणि दुपारी आख्खी कादंबरी पाठवणारे लोक प्रत्येक गटात असतात. प्रत्येक चौथ्या पानावर कोणाचा तरी अंगठा आलेला असतो. हे वाचन नव्हे, चोरीचा पंचनामा आहे. मोफतच हवं तर ई साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक लेखकाच्या परवानगीने पुस्तकं देतात, ती घ्यावीत. बाकी कारण नियम २ मध्ये आलंच आहे: तो लेखक अजून वारलेला नाही.

नियम ८. पुस्तकं एकट्याने मागवू नयेत.

रजिस्टर्ड बुक पोस्ट नावाची गरिबांची सोय टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. ओरड झाली. मग १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. ज्याला त्रैराशिक येतं त्याने एक पुस्तक मागवू नये. चार घरांची यादी एकत्र करून पाच किलो भरेपर्यंत थांबावं. कुरिअरच्या नादी लागू नये. कुरिअरवाला मेहकरात उभा राहून फोन करतो आणि “तुमचं गाव लांब आहे, येऊन घेऊन जा” म्हणतो. पोस्टमन मात्र घरी येतो, आणि पुडकं कशाचं आहे तेही विचारतो.

प्रकाशनपूर्व सवलतीवर नजर ठेवावी. मोठे संच, खंड, चरित्रं यांवर ती चांगली घसघशीत असते. पैसे आधी जातात आणि पुस्तक सावकाश येतं. म्हणून गुरुजी या सवलतीची माहिती ठेवतात, पण पैसे ठेवत नाहीत.

नियम ९. मागून न्यावं, पण विद्वत्तेने.

“पुस्तक देता का?” असं विचारणारा नवशिक्या. गुरुजी आधी आपल्याशी वाद घालतात. “यानं शेवट फसवलाय म्हणे?” आपण चवताळून म्हणतो, “वाचलंय का तुम्ही?” “नाही ना. द्या, पाहतो.” पुस्तक पिशवीत. नेलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायला मी एक वही केली होती. ती त्यांनी ‘कशी लिहिली आहे ते पाहतो’ म्हणून नेली.

परत येतात. उशिरा येतात, पण वर्तमानपत्राचं कव्हर घालून, सुटलेली पानं खळीने चिकटवून, आणि छपाईच्या चुका शिसपेन्सिलीने दुरुस्त करून. एका प्रकाशकाने पहिल्या आवृत्तीत ठेवलेल्या चुका दुसऱ्या आवृत्तीत तशाच आल्या, याचं गुरुजींना लेखकापेक्षा जास्त वाईट वाटलं. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आमच्याच जिल्ह्याची कादंबरी. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे. माझी प्रत गुरुजींनी नेली आणि ती लवकर आली नाही. आली तेव्हा तिच्यात खताची पावती होती, विजेचं बिल होतं, कोणा पोरीचं एसटीचं अर्धं तिकीट होतं आणि तिसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात समासात ‘खरं आहे’ असं लिहिलेलं होतं. गुरुजींनी ते खोडलं नव्हतं. त्यांच्या मते ती छपाईची चूक नव्हती.

मी हिशोब केला. साडेनऊ किलोची कादंबरी दहा जणांनी वाचली तर माणशी किलोभर सोयाबीनही पडत नाही. याहून स्वस्त वाचन कोणत्या सवलतीत बसतं मला माहीत नाही. लेखकाला मात्र रॉयल्टी एकाच प्रतीची गेली. हे कोडं या घराण्याला सुटलेलं नाही. म्हणून शेवटचा नियम.

नियम १०. प्रत्येक गावाने निदान एक विकत घेणारा पाळावा.

त्याला जपावं. त्याच्या घरी हुरडा, तुरीच्या शेंगा पोचवाव्यात. चारचौघांत “यांच्याकडे फार पुस्तकं आहेत” असं मोठ्याने म्हणावं, म्हणजे तो आणखी घेतो. त्याच्या घरचे “आता पुरे” म्हणू लागले तर मध्ये पडावं. तो घ्यायचा थांबला तर मागणारे, वाचनालयाला सुचवणारे आणि समासात लिहिणारे सगळेच थांबतात. आणि मागणारे थांबले तर तो तरी कपाट भरून काय करणार?

गुरुजी हे सगळं पाळतात. नवीन शिक्षिका गावात आल्या तेव्हा त्यांना आधी शाळा दाखवली, मग माझं घर. परवा सकाळी आले ते एका चरित्राच्या खंडांचा प्रकाशनपूर्व सवलतीचा फॉर्म घेऊन. नाव, पत्ता, पिनकोड, सगळं त्यांनीच सुवाच्य अक्षरात भरलं होतं. नाव माझं होतं. वाचायचा क्रम त्यांनी मागच्या बाजूला लिहून ठेवला आहे: आधी ते, मग काकू, मग त्या शिक्षिका, मग मी. पैसे भरायची मुदत महिनाअखेरीला संपते, हे आता पोस्टमनलाही माहीत आहे.