क्लबचे तात्या

पश्चिम ओहायोच्या सपाट, मका-सोयाबीनच्या मुलखात आमचा ट्रॅपशूटिंगचा क्लब आहे. क्लब म्हटल्यावर झुंबरं आणि गालिचे डोळ्यांसमोर आणू नयेत. पत्र्याची एक लांब शेड, कमरेइतकी जमिनीत गाडलेली चार ट्रॅप हाउसं, कधी न संपणारं गवत आणि तात्या, एवढीच मालमत्ता. यातले तात्या वजा केले तर बाकीचं सगळं एका हिवाळ्यात मोडीत निघेल, असं तात्यांचं प्रामाणिक मत आहे.

तात्या हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. गृहस्थ जर्मन वंशाचे, पक्के ओहायोकर, डेटनजवळच्या एका कारखान्यात टूल अँड डाय मेकर म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेले. पण सोसायटीच्या कमिटीत, गणेशोत्सवाच्या मांडवात, इथल्या महाराष्ट्र मंडळात ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं पाहत आलो, तोच फ्लॅनेलचा शर्ट घालून पुढ्यात उभा राहिला तर त्याला दुसरं काय म्हणायचं? मी मनातल्या मनात तात्याच म्हणतो. कागदोपत्री ते सेक्रेटरी. प्रत्यक्षात खजिनदार, मेकॅनिक, माळी आणि कॉफीखात्याचे मंत्री. पट्ट्याला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असतो की तात्या येताहेत हे आधी कानांना कळतं. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलुपं आता या जगात नाहीत. तरी जुडगा हलका होत नाही.

त्यांचं पालुपद एकच : "इथे माझ्याशिवाय कुणी काही करत नाही." हे शंभर टक्के खरं आहे. ते खरं कसं होतं, हे मात्र बघण्यासारखं असतं. फेब्रुवारीत विंटर लीग चालते. रात्रभर बर्फ पडलेला असतो आणि तात्या उजाडायच्या आत येऊन वाटा मोकळ्या करतात. एका रविवारी मीही लवकर गेलो आणि फावडं उचलून तीन नंबरच्या ट्रॅपची वाट साफ केली. तात्या लांबून बघत होते, बोलले काही नाहीत. मी शेडमध्ये शिरलो आणि खिडकीतून पाहतो तर तात्या माझीच वाट पुन्हा साफ करताहेत! कडा सरळ नव्हत्या म्हणे. मग आत आले, हातमोजे टेबलावर आपटले आणि साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "या वयात सगळं मलाच करावं लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

खेळ तसा सोपा, म्हणजे बघायला. ट्रॅप हाउसच्या मागे 16 यार्डांवर पाच जण ओळीने उभे राहतात. आपली पाळी आली की ओरडायचं. आतल्या यंत्रातून साधारण अकरा सेंटिमीटर रुंदीची एक तबकडी ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या वेगाने सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे यंत्रालाच ठाऊक. छऱ्यांच्या एका बारात ती फोडायची. पाच जागांवरून पाच-पाच, म्हणजे पंचवीस तबकड्यांचा एक राउंड. पूर्वी खरी कबुतरं सोडायचे. पुढे काचेचे गोळे आले आणि 1880 मध्ये आमच्याच ओहायोतल्या, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. कबुतरं सुटली, पण भाषा सुटली नाही. तबकडीला आजही 'बर्ड' म्हणतात आणि नेम चुकला की मागे बसलेला गुणलेखक गंभीरपणे 'लॉस्ट' असं जाहीर करतो. घरातलं माणूस हरवल्यासारखा त्याचा आवाज असतो. आमच्याकडे गुणलेखकाच्या उंच खुर्चीवर तात्या बसतात. दुसऱ्याच्या गुणलेखनात खाडाखोड फार होते, असं त्यांचं निरीक्षण आहे.

या खुर्चीमुळे तात्यांच्या कानांवर जेवढ्या सबबी पडल्या असतील तेवढ्या एखाद्या न्यायाधीशाच्याही पडल्या नसतील. थंडीत जाड कोटामुळे बंदुकीचा कुंदा खांद्यावर नीट बसत नाही. मार्चमध्ये वारा तबकडी वर उचलतो, एप्रिलमध्ये खाली दाबतो. मे महिन्यात चष्म्याची काच चुकीच्या रंगाची असते. काडतुसं नवी असतील तर जुनी बरी होती आणि जुनी असतील तर ओलावा लागलेला असतो. हे ऐकून एखाद्याने दहा हजार डॉलरांची जर्मन बंदूक घेतली, की पुढच्या रविवारपासून ती अजून हाताला बसत नसते. आजवर या क्लबात केवळ नेम चुकल्यामुळे तबकडी सुटली असं एकदाही घडलेलं नाही. तात्या सगळं ऐकून घेतात आणि 'लॉस्ट'च्या खान्यात निर्विकारपणे शून्य लिहितात. त्यांचा स्वतःचा बार हुकला तर कारण वेगळं : त्या क्षणी त्यांच्या डोक्यात सेप्टिक टँक असतो.

आता ओरडण्याचं. रीतीप्रमाणे 'पुल' म्हणायचं असतं, पण पुढ्यातल्या मायक्रोफोनला फक्त आवाज हवा, शब्दाचं त्याला काही नाही. त्यामुळे कुणी भुंकतं, कुणी ढेकर देतं, एक दूधवाला शेतकरी तर नुसता 'हॉऽऽ' करतो. शेजारी कुणी शिंकला तरी यंत्र इमानाने तबकडी फेकतं आणि मग ती धरायची की नाही यावर वाद होतो. तात्या खिशातून नियमपुस्तिका काढतात. ती त्यांना पाठ आहे, पण ती काढण्याला महत्त्व आहे.

वर्षानुवर्षं खांद्याला धक्के खाऊन काहींना ऐन वेळी बोट गोठायची खोड लागते. त्यावर उपाय म्हणून असे लोक बंदुकीला उलटा चाप बसवून घेतात : ओढला की काही होत नाही, सोडला की बार उडतो. तात्यांच्या बंदुकीलाही तो आहे. सोडल्याशिवाय काम होत नाही, अशी त्यांच्या ताब्यातली ही एकमेव वस्तू.

वसंतात तबकड्यांचा ट्रक येतो. ही तबकडी आता मातीची नसते, पिच आणि चुनखडीच्या भुकटीची असते. डुकरांनी खाल्ली तर विषारी, अशी सूचना खोक्यावर छापलेली असते. आमच्या चहूकडे डुकरं पाळणारे शेतकरी, त्यामुळे नव्या सभासदाला खोक्याशी उभं करून तात्या ती सूचना मोठ्याने वाचून दाखवतात. खोकी उतरवायला पाच-सहा धट्टीकट्टी माणसं हजर असतात, पण थप्पी कशी रचायची यात त्यांना काही कळत नाही. ती रचतात, घरी जातात, मग तात्या पुन्हा रचतात आणि सोमवारी पाठीला पट्टा बांधून येतात. हा पट्टा शर्टाच्या वरून बांधलेला असतो.

आता वाटेल की हा माणूस नुसता वैताग आहे. आहेच. पण एप्रिलमध्ये 4-एच संस्थेची शाळकरी मुलं शिकायला येतात तेव्हाचे तात्या बघावेत. एरवी एका काडतुसाचा हिशेब मागणारा हा माणूस स्वतः तळघरात यंत्रावर भरलेली काडतुसं खोकीच्या खोकी मुलांना वाटतो आणि 'बिल पाठवीन' अशी दमदाटी करतो. बिल कुणाला आलेलं नाही. मागच्या वसंतात तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीने आयुष्यात पहिल्यांदा पंचवीसच्या पंचवीस फोडल्या. अशा वेळी रीत अशी, की त्या नेमबाजाची टोपी हवेत फेकायची आणि सोबत्यांनी तिच्यावर बार टाकून चाळण करायची. मग ती चाळण त्याने जन्मभर मिरवायची. मुलीने टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट धरली. टोपी आजोबांची होती आणि आजोबा त्याच हिवाळ्यात गेले होते. सगळे गप्प. रीत मोडायची कशी आणि टोपी मागायची कशी?

तात्या खुर्चीवरून उतरले. डोक्यावरची स्वतःची टोपी काढली. तिच्यावर कितीतरी वर्षांच्या स्पर्धांच्या पिना टोचलेल्या होत्या. त्या जाड्या, तेलकट बोटांनी एकेक पिन सोडवून त्यांनी खिशात टाकली. याला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात कुणीही वाऱ्याबद्दल बोललं नाही. मग टोपी त्यांनीच भिरकावली. पाच बार झाले. चाळण झालेली टोपी मुलीच्या हातात देऊन तात्या म्हणाले, "चार नंबरवर तुझं डोकं कुंद्यावरून उठतं. तबकडी फुटली हे नशीब." नवी टोपी किती महागात पडली हे आम्ही सप्टेंबरपर्यंत ऐकलं.

मी भारतातला, म्हणून तात्यांना भारतीय नेमबाजीबद्दल माझ्याकडून अपेक्षा असतात. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला कांस्यपदक मिळालं, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. तात्यांनी दोन खाल्ले आणि विचारलं, "रायफल का? म्हणजे कागदावर? कागद पळत नाही." बिकानेरच्या महाराजा करणीसिंहांना 1962 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळालं होतं, हे सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी तिसरा पेढा उचलला.

ऑगस्ट आला की तात्या क्लब सोडून जातात. वर्षातून एकदाच. ग्रँड अमेरिकन ही ट्रॅपवाल्यांची पंढरी. 1924 पासून 2005 पर्यंत ती डेटनच्या उशाशी, वँडेलियाला भरायची. पोरगेले तात्या तिथे ट्रॅप हाउसात बसून हाताने तबकड्या लावायचे. पुढे शेजारच्या विमानतळाला जागा हवी झाली आणि 2006 मध्ये जत्रा इलिनॉयतल्या स्पार्टाला गेली. ओळीने 120 ट्रॅप, साडेतीन मैलांची रांग, सगळं नवं. तात्यांनी ही गोष्ट इलिनॉयला अजून माफ केलेली नाही. दरवर्षी कॅम्पर जोडून सहा तास गाडी हाकतात, अख्खी स्पर्धा मुक्काम ठोकतात आणि परत आल्यावर सांगतात, "वँडेलियाची सर नाही." तिथून क्लबात दिवसाला दोन फोन येतात. फ्रीजर नीट लागला का? मागच्या दाराची कडी?

त्या दिवसांत क्लबात काय होतं, हे सांगणं हा खरं तर विश्वासघात आहे. काहीही होत नाही. गवत वेळेवर कापलं जातं, यंत्रं चालतात, गल्ला जुळतो आणि कॉफी तर कधी नव्हे ती पिण्याजोगी होते. आम्ही अपराध्यासारखे एकमेकांकडे बघत ती पितो. तात्या परतायच्या आदल्या संध्याकाळी क्लबचे उपाध्यक्ष दोन नंबरच्या ट्रॅप हाउसात उतरतात आणि यंत्राची एक वायर सैल करून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तात्या गाडीतून उतरतात, पाय मोकळे करतात आणि विचारतात, "काय बिघडलं?" कुणीतरी दोन नंबरकडे बोट दाखवतं. तात्यांचा चेहरा उजळतो. हत्यारांची पेटी निघते. तासाभराने वर येऊन कपाळ पुसत म्हणतात, "चार दिवस पाठ फिरवायची सोय नाही." उपाध्यक्ष अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "खरंय."

वायर दरवर्षी तीच असते. तात्यांनी हयात कारखान्यात घालवली आहे. सैल झालेला स्क्रू आणि सैल केलेला स्क्रू यातला फरक त्यांना कळत नसेल, यावर माझा मुळीच विश्वास नाही.

सप्टेंबरात होल्यांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्याच्या आधी वर्षभर न दिसलेले शिकारी उगवतात, पंचवीसातल्या नऊ फोडतात आणि यंत्राला दोष देऊन निघून जातात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर टर्की शूट होतं. बक्षिसाला गोठवलेली टर्की किंवा हॅमचा मोठा तुकडा. एका वर्षी टर्की मी जिंकली. बायकोने तिचा मालवणी मसाला घालून रस्सा केला. तात्यांना डबा दिला. डबा धुऊन परत आला आणि सोबत एक चिठ्ठी : मसाल्याचं प्रमाण कमी करावं, बाकी ठीक.

मग डिसेंबरातली वार्षिक सभा. शेडमध्ये हीटर भणभणत असतो, चिलीचं पातेलं टेबलावर, वीस-पंचवीस माणसं कोट न काढता बसलेली. हिशेब वाचून झाला की तात्या चष्मा काढतात, पुसतात आणि राजीनामा देतात. प्रकृती, वय, तरुणांना वाव द्यायला हवा, आपण कुणाच्या वाटेत येणार नाही. तरुण, म्हणजे साठीच्या आतले, आपापल्या बुटांकडे बघत बसतात. एका वर्षी एक नवखा सभासद हात वर करून म्हणाला की मी बघतो हे काम. त्याच्या शेजाऱ्याने त्याचा हात खाली ओढला. उपाध्यक्ष उठतात आणि राजीनामा नामंजूर करावा असा ठराव मांडतात. कुणीतरी अनुमोदन देतं. टाळ्या होतात. तात्या मान हलवत म्हणतात, "एवढं एकच वर्ष," आणि पुढच्या वर्षाच्या तबकड्यांची ऑर्डर वाचून दाखवतात. ती आठवड्यापूर्वीच गेलेली असते.

सभेचं इतिवृत्त सेक्रेटरीने लिहायचं असतं, म्हणजे तात्यांनीच. या वर्षी सभेआधी खुर्च्या मांडताना त्यांच्या फाइलीतला कागद माझ्या नजरेस पडला. त्या दिवसाचं इतिवृत्त टाइप होऊन तयार होतं. राजीनामा, ठराव, नामंजुरी, टाळ्या, सगळं क्रमाने. फक्त अनुमोदकाच्या नावाची जागा कोरी होती. तिथे आता माझं नाव आहे.