भरारी पथकास खुले पत्र: एकदा माझ्या गाडीवर धाड टाकाच

प्रति,
मा. प्रमुख, वीजचोरी शोधणारे भरारी पथक
मुक्काम: आधी कळत नाही, म्हणून खुले पत्र

विषय: कुलूपबंद चारचाकीतून होणाऱ्या वीजचोरीची खबर देण्याबाबत

महोदय,

अर्जदार हा भद्रावतीचा रहिवासी, बिल वेळेवर भरणारा आणि आयुष्यात कधी तारेवर आकडा न टाकलेला गृहस्थ आहे. तरी त्याच्या आवारात चोरी सुरू आहे. टिनाच्या शेडखाली गाडी उभी, दारे बंद, चावी घरात खुंटीला. आणि तिच्यातून कोणीतरी वीज ओढते आहे. शुक्रवारी संध्याकाळी धडधाकट असलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसती कट-कट करते, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात आणि सारे शांत होते. मग गल्लीतली पोरे धक्का मारायला येतात. त्यांना आता बोलवावेही लागत नाही.

ही खबर भद्रावतीतून यावी याची अर्जदारालाच लाज वाटते. शेजारी माजरीचा कोळसा, पुढे चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. शिवाय आमच्या भद्रावतीत 1000 मेगावॅटचे एचव्हीडीसी केंद्र आहे, ज्याच्याजवळून रोज जाणाऱ्यांनाही ते काय करते हे सांगता येत नाही. देशाचे पश्चिम आणि दक्षिण ग्रिड पूर्वी एका ठेक्यात चालत नव्हते. त्यांना थेट जोडणे शक्य नव्हते, म्हणून या आवारात एका बाजूची एसी वीज डीसी करायची, लगेच पुन्हा एसी करायची आणि दुसऱ्या बाजूला सोडायची, अशी सोय नव्वदच्या दशकात झाली. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एका ठेक्यात जोडले गेले, तोवर दोन प्रदेशांमधली वीज अशाच मोजक्या दारांतून ये-जा करीत होती. एवढी डीसी ज्या गावात तयार होते, तिथे अर्जदाराला 12 व्होल्ट डीसी मिळत नाही.

आता चोरीचा आकार. माझी बॅटरी 35 ॲम्पिअर-अवरची, म्हणजे भरलेल्या बॅटरीत अर्धा युनिटसुद्धा वीज मावत नाही. चोरीच्या मालाची किंमत दोन-चार रुपये. आपण हसाल, पण नुकसान मालाचे नसते, भांड्याचे असते. मोटारीची बॅटरी क्षणभर भरपूर करंट देऊन इंजिन फिरवायला आणि लगेच पुन्हा भरून घ्यायला बनवलेली असते. तळापर्यंत उतरायला नव्हे. ती रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात 46-47 अंशांत बोनेटखाली काय होत असेल ते आपणच ताडा. बॅटरी थंडीत मरते असे वाचायला मिळते. ते थंडीच्या देशांत लिहिलेले असते. आमच्याकडे तिला ऊन संपवते आणि पहिल्या गार सकाळी ते फक्त उघड होते. आणि वर चिकटवलेल्या कागदावर 35 लिहिले म्हणून आत 35 असतीलच असे नाही. कागदावरचे मेगावॅट म्हणजे काय हे भद्रावतीकरांना सांगावे लागत नाही. वीज प्रकल्पासाठी म्हणून इथल्या शेतकऱ्यांच्या शेकडो हेक्टर जमिनी गेल्या, प्रकल्प काही आला नाही.

आपल्याकडे येण्यापूर्वी गावपातळीवर चौकशी झाली. बॅटरीवाल्याने बोनेट न उघडता, अंगठा बॅटरीच्या दिशेने हलवून, 'गेली' असा निकाल दिला आणि नवीचा भाव सांगितला. जुनी परत केली तर काही कमी करतो म्हणाला. गेली तर परत कशाला घेता, हे विचारायचे राहिले. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा मळ गरम पाण्याने धुवायला लावला. तेवढाच सल्ला उपयोगाचा होता. बॅटरीच्या टोपणांभोवती आम्लाची ओल आणि धूळ साचली की त्या थरातूनही करंट झिरपतो. मीटरची एक पिन टर्मिनलला आणि दुसरी प्लास्टिकवर टेकवली तरी काटा हलतो. आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांच्या कृपेने धूळ बारमाही. कोणी गवराळ्याच्या गणपतीला गाडी नेऊन आणा म्हणाले. नेली. बंपरला लिंबू-मिरची बांधली. गाडीत मागाहून बसवलेल्या वस्तूंपैकी करंट न खाणारी ती एकमेव, हे नंतर मीटरने सिद्ध झाले.

हायवेवरचा मिस्त्री तेवढा मुद्द्याचे बोलला. म्हणाला, "भाऊ, गाडी उभ्या उभ्या करंट खाऊन राह्यली. बॅटरी काहून बदलता? आधी खाणारा पाहा ना!"

म्हणून हे पत्र. मात्र धाड टाकण्यापूर्वी काही गोष्टी आपल्या कानावर घालतो. आपण घराघरांत टाँग टेस्टर लावता, तो साधा असेल तर फक्त एसी मोजतो. इथे डीसी मोजणारा लागेल, आणि तोही मिलिॲम्पिअरपर्यंत. नसेल तर साधा मल्टिमीटर चालेल. काळी केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून सोडवून मीटर दोघांच्या मध्ये जोडायचा, लाल पिन 10 ॲम्पिअरच्या भोकात. मीटर जोडलेला असताना कोणी हौसेने चावी फिरवू नये. सेल्फ शंभराहून जास्त ॲम्पिअर मागतो. मीटरचा फ्यूज तिथेच शहीद होईल.

दुसरे, घाई करू नये. पथकाची जीप गल्लीत शिरली की आकडे जसे आपोआप गायब होतात, त्याच्या उलट इथे घडते. दार उघडले, बोनेट उचलले की गाडीतली सगळी यंत्रे जागी होतात आणि मीटर दोन-चार ॲम्पिअर दाखवतो. त्या गर्दीत चोर ओळखू येत नाही. दाराचे आणि बोनेटचे लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून गाडीला 'सगळे बंद आहे' असे भासवायचे, बटणाची चावी असेल तर ती घरात लांब ठेवायची आणि अर्धा तास चहा घ्यायचा. तेवढ्यात एकेक यंत्र झोपी जाते. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती यांचे मिळून 0.05 ॲम्पिअरपर्यंत रास्त. तो त्यांचा पगार समजा. त्यावर जे दिसेल ती चोरी.

आपण येईपर्यंत कसे थांबणार? प्राथमिक तपास अर्जदाराने रात्री जेवण झाल्यावर स्वतःच केला, त्याचा पंचनामा असा. बॅटरी भरून तासन्‌तास ठेवल्यावर 12.6 व्होल्ट, म्हणजे निर्दोष, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे बोलायलाच नको. इंजिन चालू असताना 14.2, म्हणजे ज्याला सगळे मिस्त्री अजून डायनामोच म्हणतात तो भरणा नीट करतो आहे. त्याचाच एक डायोड गळका असला तर तो बंद गाडीत उलटा करंट पितो, आणि त्याची जाड वायर फ्यूजच्या पेटीतून जात नसल्याने फ्यूज काढण्याच्या खेळात तो सापडत नाही. गाडी बंद करून दोन तासांनी हात लावून पाहावा, कोमट लागला तर संशय घ्यावा असे सांगतात. मे महिन्यात भद्रावतीत कोमट नसलेली वस्तू दाखवा, मग ही परीक्षा घेऊ. त्याची वायर सोडवून पाहिली, आकडा हलला नाही. डायनामो सुटला.

गाडी झोपल्यावर मीटर 0.36 वर स्थिर. साडेचार वॅटसुद्धा नाहीत, पण दिवसाला साडेआठ ॲम्पिअर-अवर होतात, म्हणजे दोन दिवसांत अर्धी बॅटरी. मग संशयितांची ओळख परेड. फ्यूज एकेक उपटण्यापेक्षा त्यांच्या पाठीवर जे दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर पिना टेकवून मिलिव्होल्ट पाहणे बरे. झोपलेली यंत्रे जागी होत नाहीत. जिथे शून्य नाही, तिथून करंट वाहतो आहे. डिकीचा दिवा शून्य. हॉर्न शून्य. म्युझिक सिस्टीम जवळजवळ शून्य. एका फ्यूजवर मात्र आकडा आला, आणि तो काढताच मीटर 0.36 वरून 0.03 वर.

त्या फ्यूजच्या पाठीमागे एक काळी वायर खोचलेली होती. महोदय, याला आपण काय म्हणता? आम्ही आकडाच म्हणतो. वायर खांबाच्या अस्तरातून वर जाऊन काचेवरच्या कॅमेऱ्यात शिरत होती.

आरोपी अर्जदाराचा भाचा निघाला. चंदनखेडा-मुधोलीवरून मोहर्लीला जाताना वाघ रस्ता ओलांडतो, तेव्हा डॅशकॅमेरा हवाच, असा त्याचा आग्रह. इथवर ठीक, ताडोब्याच्या उंबऱ्यावर राहणाऱ्या माणसाकडे वाघाचा स्वतःचा व्हिडिओ नसणे हे चारचौघांत कमीपणाचेच. पण त्याने वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर न लावता कायम चालू राहणाऱ्यावर लावली, आणि व्होल्टेज घसरले की कॅमेरा बंद करणारी छोटी डबी खर्च वाचवायला वगळली. विचारले तर म्हणतो, "मामाजी, वाघ काय दिवसा येते का? रात्रीचाच येते. म्हणून चालू ठेवला." आयुध निर्माणीच्या झाडोऱ्यात वाघ-बिबट दिसतात, त्यामुळे त्याचे म्हणणे धुडकावताही येत नाही. जप्त चित्रीकरणात तीन डुकरे, दूधवाला, शेडचा खांब आणि धक्का मारणारी पोरे आहेत. पोरांचे चित्रीकरण फारच स्पष्ट आले आहे.

कायद्याचे बोलू. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अडचण अशी की ते कलम परवानाधारकाच्या तारांबद्दल बोलते, आणि अर्जदाराकडे वीज वितरणाचा परवाना नाही. सबब भाच्यास ताब्यात न घेता त्याच्याकडून ती डबी विकत आणवून घ्यावी आणि वायर योग्य फ्यूजवर लावून घ्यावी, एवढाच आदेश आपण काढावा. दुसरा आदेश बॅटरीवाल्यांसाठी: मीटर लावल्याशिवाय कोणतीही बॅटरी मृत घोषित करू नये.

आपला,
एक प्रामाणिक ग्राहक, भद्रावती

ता. क.: आपल्या पथकाच्या जीपलाही सकाळी चौघे धक्का मारत असल्याचे दुधाला जाताना दिसते. शिट्टी, पिवळा दिवा, वायरलेस, सगळे तपासावे लागेल. संध्याकाळी जीप घेऊन या, अर्धा तास हाताशी ठेवा. मीटर माझ्याकडे आहे.