अहवालाआधीचं पान

धंद्यातली अडचण सोडवायची तर अहवाल हवा, हे आता सगळ्यांनाच मान्य आहे. पण तो लिहिण्याआधी, 'लिहू का?' असं विचारणारं एक वेगळं पान द्यावं लागतं. त्याला प्रपोजल म्हणतात. अडचण काय, ती कोणाला भोवते, माहिती कुठून काढणार, दिवस किती, खर्च किती आणि हे सगळं वाचून कोणी काय ठरवायचं आहे, एवढं त्यात यावं लागतं. लग्नाच्या बोलणीसारखं आहे हे. देणं-घेणं, मानपान, रुसणारे मामा कोण, सगळं तिथंच निघतं. अक्षता म्हणजे नुसता उपचार.

हे पान बहुतेक जण खालून वर लिहितात. उपाय आधीच ठरलेला असतो. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं असतं, किंवा एखाद्याची बदली करायची असते. मग त्या उपायाला शोभेल अशी अडचण शोधायला निघायचं. ती सापडतेही. आपल्याकडे अडचणींचा तुटवडा कधीच नव्हता.

सगळ्यात अवघड रकाना पहिलाच, 'अडचण काय'. कारण खऱ्या अडचणीला नाव असतं, आडनाव असतं आणि पुष्कळदा ती केबिनमध्ये बसलेली असते. म्हणून मग 'समन्वयाचा अभाव जाणवतो' असं लिहितात. कोणामध्ये अभाव आणि जाणवतो कोणाला, हे वाक्य सांगत नाही. म्हणून तर ते इतकं टिकलं. कागदावर आधी 'विषय : …बाबत' लिहून तळाला 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' म्हटलं की मध्ये काहीही असो, फाइल हलते.

थोडक्यात लिहायचा आग्रह नवा नाही. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर जर्मन विमानं घोंगावत असताना, चर्चिलनी सरकारी खात्यांना चक्क टिपण पाठवलं : अहवाल फार लांबतात, मुद्दे आटोपशीर परिच्छेदांत मांडा, आकडेमोड परिशिष्टात टाका. पुढे याच गृहस्थांनी त्या युद्धावर सहा खंड लिहिले. लोकांचं लिखाण आखूड हवं असं वाटणाऱ्या साहेबांची परंपरा जगभर एकच असावी.

टोयोटावाल्यांनी मात्र हे कागदावरच सोडवलं. अडचण, सध्याची स्थिती, मूळ कारण, उपाय, पुढचा पाठपुरावा, सगळं एका ए-थ्री कागदावर. २९७ बाय ४२० मिलिमीटर; त्यापलीकडे तुमचं दुःख कंपनीला नको. त्यांच्या तायची ओनोंचं 'पाच वेळा का विचारा' प्रसिद्धच आहे. यंत्र का थांबलं? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण पुरेना. का? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला. का? गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून घरी जाणारा माणूस आणि गाळणी बसवणारा माणूस यांच्यात फक्त चार 'का'चं अंतर. आपल्याकडे तिसऱ्या 'का'ला समोरचा खुर्ची सरकवतो, "साहेब, चहा घेऊ या."

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मात्र पाचही 'का' झालेले मी पाहिले. माल वेळेवर जात नव्हता आणि गिऱ्हाईक ओरडत होतं. हिशेब बघणाऱ्या तरुण मुलीनं प्रपोजल लिहायला घेतलं. गाडी उशिरा का निघते? चलन अकराशिवाय मिळत नाही. का? चलनबुकं स्टोअरमध्ये, आणि स्टोअर त्याआधी उघडत नाही. का? किल्ली मालकांसोबत येते. किल्ली त्यांच्याकडे का? पूर्वी एकदा तांब्याचं भंगार चोरीला गेलं होतं, तेव्हापासून ती त्यांच्या घरी राहते. आणि मालक अकराला का येतात? पूजा साडेदहाला आटोपते.

आता लिहायचं कसं? 'मूळ कारण : मालकांची पूजा' लिहून नोकरी टिकत नाही. तिनं लिहिलं, 'किल्ली-व्यवस्थेचा आढावा'. माहितीचा स्रोत : ड्रायव्हर. मुदत : एक दिवस. खर्चाच्या रकान्यात दुसऱ्या किल्लीचे साठ रुपये. मॅनेजरनी ते पाहून कपाळाला हात लावला. "अगं, साठ रुपयांचं प्रपोजल कोणी वाचतं का? निदान एक बायोमेट्रिक तरी टाक." त्यांचंही खोटं नव्हतं. खर्च जितका मोठा तितकी अडचण खरी, असा हिशेब सगळ्याच कचेऱ्यांत चालतो. तिनं काही टाकलं नाही.

मालकांनी पान वाचलं, चष्मा काढला. "एवढं तोंडी सांगायला काय झालं होतं?"

तोंडी ड्रायव्हर कधीपासून सांगत होता. पण तो चहाच्या टपरीवर सांगायचा, आणि वर 'विषय' लिहीत नसे.

दुसरी किल्ली त्याच संध्याकाळी झाली. ती सध्या स्टोअरच्या काकांकडे असते आणि गाडी साडेनऊला निघते. काका रजेवर गेले की पुन्हा अकरा वाजतात. पण त्याचं प्रपोजल अजून कोणी दिलेलं नाही.