झाडी आहे, डोंगार आहे, हाटील तेवढे शोधावे लागेल

‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे मराठीतले अलीकडचे सर्वात कष्टाळू मीम. जून 2022 मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेच्या बंडखोरांसोबत गुवाहाटीत होते. तिथून कार्यकर्त्याशी झालेले त्यांचे फोनवरचे बोलणे बाहेर फुटले. उद्धव ठाकरे यांचे सरकार पडायला आणखी काही दिवस लागले. मीमने तेवढीही वाट पाहिली नाही.

नकलेतून एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाणाऱ्या गोष्टीला रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 मध्ये ‘मीम’ हे नाव दिले. हुबेहूब नक्कल मात्र दोन दिवसांत शिळी होते. विडंबनात साचा तोच राहतो आणि माल ज्याचा त्याचा. बापूंच्या साच्यात तीन ‘काय’, तीन मोकळ्या जागा आणि शेवटी ‘एकदम ओके’चा शिक्का. मोकळ्या जागेत खड्डे भरा, परीक्षेचा निकाल भरा, सासुरवाडीचा पाहुणचार भरा, शिक्का उमटतोच.

नंदुरबार जिल्ह्यात हा साचा दोन तृतीयांश तयारच मिळतो. पावसाळ्यात तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी किंवा सीताखाईच्या कड्याशी मोबाइल धरला की झाडी आणि डोंगार फुकटात येतात. हाटीलाचे बघावे लागते. पुढे अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांकडे वळले की विडंबन आपोआप होते, कारण तिथे रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून दवाखान्यापर्यंत न्यावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यागणिक येतात. काय झाडी, काय डोंगार, काय झोळी! फक्त हे पुढे पाठवायला रेंज लागते, आणि रेंजसाठी पुन्हा डोंगारच चढावा लागतो. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. मीमला असली ओळख लागत नाही. बाप कोण, हे न विचारताच त्याला घरोघर प्रवेश मिळतो.

विडंबनाची खरी गंमत अशी की टिंगल करणारेही हमालीच करतात. ऑगस्ट 2022 च्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. आरोप बंडखोरांनी पैसे घेतल्याचा होता, पण ‘ओके’ बापूंचेच. समर्थक मूळ वाक्य वाजवत होते, विरोधक त्याची नक्कल. जाहिरात दोन्हीकडून, खर्च कोणाचाच नाही. खोक्यांवर रॅप करणाऱ्या एका तरुणावर एप्रिल 2023 मध्ये गुन्हा नोंदला गेला, तेव्हा ज्यांनी ते गाणे ऐकले नव्हते त्यांनीही शोधून ऐकले.

ऐकणे वेगळे आणि मत देणे वेगळे. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत सांगोल्याने शहाजीबापूंना पाडले आणि शेतकरी कामगार पक्षाचे बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिले.