चार आणे विहीर

इतिहास लिहायचा तर आधी मूळ साधनं गोळा करा, असं विद्वान सांगतात. त्यांना सांगायला काय जातंय! तिसगावच्या माळवदाखाली, उंदरांनी आधीच चाळलेले कागद त्यांना कुठे चाळायचे असतात?

मी मोटेचा इतिहास लिहायला घेतलाय. नगर-पाथर्डी रस्त्यावरचं आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. इथं पाणी कमी आणि ते वर काढायची अक्कल जास्त. मोट शिवणारा, कणा बसवणारा, बैलांच्या धावेचा उतार नुसत्या नजरेनं धरणारा, भरल्या मोटेला बैल पुढं हाकून रित्या मोटेला उलट्या पावली मागं आणणारा, या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या गाव जगवलं आणि मागं एक चिटोरं ठेवलं नाही.

"धाव किती लांब ठेवायची, हे कुठं लिहिलेलं असेल का?" मी आमच्या तात्यांना विचारलं.

"विहीर खोल तेवढी धाव लांब. त्यात लिहायचंय काय? बैलालासुद्धा ठाऊक असतं."

आता तळटीपेत बैलाचं नाव कसं द्यायचं?

पुढं मोट जाऊन ऑइल इंजिन आलं. त्याच्यावर पितळी पट्टी असायची. तिच्यावर कारखान्याचं नाव, नंबर, अश्वशक्ती. अस्सल साधन! ती भावकीतल्या एका पोरानं भंगारात देऊन गारीगार खाल्लं.

पोराला तरी काय बोलावं? मुलूखमैदान तोफेचीही तीच गत व्हायची होती. 1549 साली ती आमच्या नगरात ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी स्वतःचं नाव तोफेवरच घालून गेला. कारागिरांत एवढा धोरणी माणूस विरळाच. पण 1632 साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं तोफ परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला नेली, म्हणून नगरच्या कारागिरीचा पुरावा बघायला आज कर्नाटक गाठावं लागतं. विजापूर घेतल्यावर औरंगजेबानंही तिच्यावर आपला मजकूर कोरून घेतला. लग्नात आलेल्या पातेल्यावर सासरचं नाव घालावं तसा. 1854 साली तिचा लिलाव पुकारला, तेव्हा बोली आली 150 रुपये! सौदा रद्द झाला म्हणून साधन वाचलं.

तोफ नसलेल्यांची साधनं मात्र एकाच ठिकाणी सापडतात, ते म्हणजे भांडणात. ज्यानं विहीर बांधली त्याचं नाव कुठंही नाही. जे तिच्यावरून भांडले त्यांची मात्र वंशावळीसकट नोंद आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'विहिरीत चार आणे हिस्सा'. वाटणीपत्रात मोट थोरल्याची, नाडा धाकट्याचा, थारोळं सामाईक, पाण्याच्या पाळ्या वारानिशी. दोघा भावांचं पटलं असतं, तर नाड्याचा उल्लेखही उरला नसता. भावकीइतकं चोख दफ्तर कुठलंच सरकार ठेवत नाही.

असं एक अख्खं गाठोडं तात्यांच्या ट्रंकेत आहे. द्यायला ते तयार आहेत. त्यांची अट एवढीच, की विहीर मुळात कोणाची हे पहिल्या पानावर छापायचं. धाकट्या काकांकडेही तसंच गाठोडं आहे, आणि अटही तीच.