शिकोकूतला लॉज

‘अतिथी देवो भव’ अशी देवनागरीत कोरलेली लाकडी पाटी मी सावंतवाडीत करून घेतली आणि शिकोकू बेटावरच्या आमच्या गेस्टहाऊसच्या दारावर ठोकली. जपान्यांना पाहुणचार शिकवावा, एवढाच साधा हेतू. ज्या देशात टॅक्सीचं दारसुद्धा गिऱ्हाइकाला उघडावं लागत नाही, त्या देशाला. ‘पाहुणचार, आणि तू?’ बायको म्हणाली. ‘घरी कुणी आलं की दुसऱ्या मिनिटाला मोबाइल चार्जिंगला लावायला आत जातोस, तो तासाभराने बाहेर येतोस.’

टोकियोत आम्ही बरीच वर्षं काढली होती. त्यामुळे जपान आपल्याला आतून-बाहेरून कळलेला आहे, असं मी पुण्यातल्या लग्नकार्यांत न विचारता सांगत असे. पण ती सगळी वर्षं निशी-कासाईतली. तिथे कढीपत्ता मिळतो, पोहे मिळतात, आणि 2019 मध्ये तर तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. परदेशी जायचं, तर आम्हाला टोकियो सोडणं भागच होतं.

घर मिळायला त्रास पडला नाही. 2023 च्या सरकारी पाहणीत जपानभर सुमारे 90 लाख घरं रिकामी निघाली. आमच्या तोकुशिमा प्रांतात तर साधारण पाचांतलं एक. त्रास पडला तो कागदांचा. जून 2018 पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे घरात पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे, तर वर्षाला फक्त 180 रात्री. जपानात न राहणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घ्यायची, नोंदवही तीन वर्षं जपायची. हे सगळं ऐकून पुण्याचे काका म्हणाले, ‘सहा महिने लॉज, मग उरलेले सहा महिने काय, लग्नाचा हॉल?’ गेस्टहाऊसला ते आजतागायत लॉजच म्हणतात. स्वतः राहायला आले, तेव्हा ‘सख्ख्या काकाकडे पासपोर्ट मागतोस?’ म्हणून जेवले नाहीत. पासपोर्ट काकूंनी गुपचूप आणून दिला.

आता आंघोळ. यावर मी ग्रंथ लिहिणार होतो, पण बायकोने एकाच परिच्छेदाची परवानगी दिली आहे. जपानी न्हाणीघरात एक बुटकं स्टूल असतं, एक छोटं घंगाळ असतं आणि जमिनीला मोरीसारखा उतार असतो. स्टुलावर बसायचं, साबण लावायचा, डोकं चोळायचं आणि घंगाळाने भसाभस पाणी ओतून अंग लख्ख धुऊन काढायचं. इथे मराठी माणसाची आंघोळ संपते, तो ‘टॉवेल!’ म्हणून हाक मारतो. जपानी माणसाची इथे सुरू होते. शेजारी खोल टब भरलेला असतो. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं. त्यात धुतलेल्या अंगाने गळ्यापर्यंत नुसतं बसायचं. साबण न्यायचा नाही, घासाघीस करायची नाही. आणि ते पाणी घरातल्या सगळ्यांना मिळून एकच. एक उठला की दुसरा बसतो, मध्ये झाकण घालून ठेवतात. पाणी तापलं की भिंतीतून आधी गाणं वाजतं आणि मग एक बाई अतिशय गोड आवाजात आंघोळ तयार असल्याची वर्दी देते. हीच वर्दी माझी आई बंबाजवळून वर्षानुवर्षं देत आली. त्यात गाणं नव्हतं, आणि गोडवा तर नव्हताच.

(दुसरा परिच्छेद मी चोरून लिहितो आहे.) नाशिकच्या एका कुटुंबप्रमुखांनी टबात साबणाचा फेस करून मनसोक्त स्नान केलं आणि नंतर सभ्यपणे सगळं पाणी सोडून दिलं. बाहेर दिवसभर चालून पायांना फोड आलेले तीन यात्रेकरू खांद्यावर टॉवेल टाकून उभे. कुणी काही बोललं नाही. जपानी माणूस रागावला की जास्तच वाकून नमस्कार करतो, आणि त्या रात्री मला फारच नमस्कार झाले. सकाळी उठून मी न्हाणीघरात मराठीत पाट्या लावल्या : ‘टबात साबण नेऊ नये.’ ‘पाणी सोडू नये.’ ‘तांब्या मागू नये, नाही.’ यांचा परिणाम निराळाच झाला. यात्रेकरू त्यांना मंत्र समजतात. एका आजोबांना मी ‘पाणी सोडू नये’समोर हात जोडून उभं राहिलेलं पाहिलं आहे.

त्यांचंही चुकत नाही. आमच्या दारावरून जाणारा रस्ता शिकोकूतल्या 88 देवळांच्या यात्रेचा, सुमारे 1200 किलोमीटरचा. पहिलं देऊळ, र्योझेन्जी, आमच्याच तोकुशिमात. ही यात्रा ज्यांच्या नावाने चालते, ते कोबो दाइशी 804 साली चीनला गेले आणि परत येताना बौद्ध मंत्र व संस्कृत लिहिण्याची सिद्धम् लिपी घेऊन आले. यात्रेकरूच्या गवती टोपीवर समोर त्याच लिपीतलं एक अक्षर असतं. ‘संस्कृत म्हणजे आमचंच,’ असं मी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून बसलो. मग शेजारच्या आजींनी एक टोपी माझ्यापुढे धरली. मी बराच वेळ गंभीरपणे पाहिलं आणि ‘ळ’ असावा, असं सांगितलं. ओसाकाहून आलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, ते मैत्रेयाचं बीजाक्षर आहे, हे मला फार हळू आवाजात, इतर कुणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं.

या आजी वाटेवरच्या यात्रेकरूंना मिकान संत्री देतात, चहा पाजतात. दान घेणाऱ्याने नको म्हणायचं नसतं, कारण दिलेलं कोबो दाइशींना पोहोचतं. यात्रेकरू आपल्या नावाची चिठ्ठी देऊन पुढे जातो. मुक्कामाला पोहोचला की स्वतःचे पाय धुण्याआधी काठीचं टोक धुतो, कारण काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशीच. हे सगळं पाहून मला उमाळा आला आणि मी आजींना पंढरीच्या वारीवर व्याख्यान दिलं. वाटेवरची गावं वारकऱ्यांना कशी जेवू घालतात, कशी पथारी देतात. आजींनी विचारलं, ‘मग एका रात्रीचे किती घेतात?’ ‘काहीच नाही!’ मी छाती पुढे काढून म्हणालो. आमचं दरपत्रक माझ्या पाठीमागेच टांगलेलं होतं. आजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

आमच्या आळीत सूचनांचं एक पॅड घरोघर फिरतं. कचरा कोणत्या वारी, गटार साफ करायला किती वाजता जमायचं, कोण वारलं. वाचायचं, यादीत आपल्या नावापुढे शिक्का उठवायचा आणि पुढच्या घरी द्यायचं. यादीत आमचं नाव चढलं, तेव्हा मी तिचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. यादी नीट वाचली ती नंतर. निम्म्याहून जास्त नावांवर रेघ होती. कुठे म्हातारी गेली, कुठे म्हातारा मुलाकडे गेला. आजींचा मुलगाही ओसाकात; ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला दोन दिवस येतो आणि जाताना आईला खिडक्या लावून घ्यायला सांगतो. आमच्या घरानंतर पॅड द्यायला आता बरंच लांब चालावं लागतं. पावसात तो पॅड कोटाखाली धरून चालताना मला राग येतो, आणि नेमका कुणाचा ते बराच काळ ठरत नव्हतं.

स्थानिक वर्तमानपत्राने आमच्यावर चार ओळी छापल्या : ओसाड घर परदेशी दांपत्याने जागतं केलं. फोटोत मी छपरावर चढून कौल बसवतो आहे. ते कात्रण मी मोठ्या हौसेने राजापूरकडच्या आमच्या गावी, चुलतभावाला पाठवलं. आजोबांचं घर त्याच्याच नजरेखाली आहे. गणपतीत पाच दिवस उघडतं, एरवी कुलूप. दर पावसाळ्याआधी त्याचा निरोप येतो की कौलं बदलायला हवीत, आणि दर पावसाळ्याआधी मी ‘बघतो’ म्हणतो. कात्रणाला उत्तर म्हणून त्याने काही लिहिलं नाही. माजघरातल्या तुळईला लागलेल्या वाळवीचा फोटो पाठवला.

तेव्हा कुणाला कोकणात राहायचं असेल, तर घर आहे. चार खोल्या, विहिरीला मे महिन्यातही पाणी, आंघोळीला बंब आणि तांब्या. किल्ली चुलतभावाकडे मिळेल. पासपोर्ट नको, नोंदवही नाही, 180 रात्रींची अट नाही. भाडंही नाही, फक्त येताना कौलं शाकारणारा माणूस बरोबर आणा.